माशाचं हिमोग्लोबिन पुन्हा पुन्हा तपकिरी पडतंय? आधी ते कुठं बिघडलं ते शोधा

लक्षण असं : सकाळी डाळिंबाच्या रसासारखा दिसणारा नमुना संध्याकाळी कोऱ्या चहासारखा होतो. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर (नमुना कुठला प्रकाश किती शोषतो ते मोजणारं यंत्र) ५४१ आणि ५७७ नॅनोमीटरचे दोन सुळके खाली बसतात आणि ६३० जवळ नवा उंचवटा दिसायला लागतो. बफर, म्हणजे पीएच सांभाळणारं द्रावण, नवा केला की दोन दिवस बरं चालतं, मग पुन्हा तेच.

आमच्या सोलापुरातल्या प्रयोगशाळेत हे दुखणं तीन उन्हाळे पुरलं. एमएस्सीच्या एका मुलीचा प्रकल्प होता. थंड पाण्यातला ट्राउट आणि उजनीचा रोहू, दोघांच्या हिमोग्लोबिनचं ऑक्सिडीकरण किती वेगानं होतं ते ताडून पाहायचं. रोहू घरचाच. ट्राउटचं रक्त तिचा मामेभाऊ कुल्लूहून पाठवायचा : पुण्यापर्यंत विमानानं, पुढं थर्माकोलच्या डब्यात हुतात्मा एक्स्प्रेसनं. स्टेशनवरून डबा आणायचा, फ्रीजमध्ये ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ऐकायचं, "सर, परत झालं."

पहिल्या उन्हाळ्यात आम्ही दर वेळी एकच गोष्ट केली, बफर बदलला. ते चुकलं. माझे वडील इथल्या गिरणीत रंगाई खात्यात होते. चादरीचा रंग बिघडला की त्यांचा पहिला प्रश्न असायचा, "कुठं बिघडला? कढईत, वाळवणीत, का घडीत?" आम्हाला हा प्रश्न सुचायला दीड वर्ष गेलं. मासा जिवंत असतानाच, की रक्त काढल्यावर, की पेशी फोडल्यावर, की गोठवल्यावर? प्रत्येक ठिकाणचं कारण वेगळं आणि उपायही वेगळा.

तपकिरी म्हणजे नेमकं काय

माशाचं हिमोग्लोबिनही आपल्यासारखंच चार साखळ्यांचं, दोन अल्फा आणि दोन बीटा. प्रत्येक साखळीच्या कप्प्यात एक हीम आणि हीमच्या मधोमध लोह. लोह फेरस असतं तोवर ते ऑक्सिजन धरतं आणि सोडतं. याला ऑक्सिजनीकरण म्हणायचं. तोंडी परीक्षेला निम्मी मुलं यालाच ऑक्सिडीकरण म्हणून बसतात. ऑक्सिडीकरण तेव्हा, जेव्हा ऑक्सिजन जाताना लोहाचा एक इलेक्ट्रॉन घेऊन जातो. तो सुपरऑक्साइड होऊन बाहेर पडतो आणि मागं फेरिक लोह उरतं. झालं मेटहिमोग्लोबिन : रंग तपकिरी, ऑक्सिजन धरायची ताकद शून्य.

हे सगळीकडे, सतत, थोडंथोडं चाललेलंच असतं. आपल्या रक्तातही रोज काही टक्के हिमोग्लोबिन असं बिघडतं आणि लाल पेशीतलं रिडक्टेज विकर ते पुन्हा दुरुस्त करतं. माशांच्या हिमोग्लोबिनला ही खोड सस्तन प्राण्यांपेक्षा जास्त असते. हीमच्या कप्प्यात दोन हिस्टिडीन असतात. एक लोहाला धरून ठेवतं, दुसरं समोरून हायड्रोजन बंधानं ऑक्सिजनला सांभाळतं. कप्पा घट्ट असला तर पाणी आणि प्रोटॉन आत शिरत नाहीत. थंड पाण्यातल्या प्राण्यांची प्रथिनं मात्र साधारणपणे जास्त लवचिक असतात, कारण दहा-बारा अंशांत ताठ रेणूला हालचाल जमत नाही. ट्राउटला दहा ते पंधरा अंशांचं पाणी मानवतं, पंचविशीच्या आसपास तो मरायला टेकतो. त्याचा रेणू आपण मे महिन्यात, बाहेर बेचाळीस आणि आत पंख्याखाली अडतीस अंश असताना टेबलावर मांडतो. अडतीस अंशांचं खोलीतलं तापमान हेच पहिलं कारण. त्यावर उपाय बर्फ, दुसरा नाही. क्युवेटसुद्धा (नमुना ठेवून मोजायची चौकोनी नळी) बर्फात ठेवा आणि फक्त मोजताना बाहेर काढा, बाहेरून दव पुसून.

थंडीच्या टोकाला गेलं तर गोष्ट आणखी विचित्र आहे. अंटार्क्टिकच्या समुद्रातल्या आइसफिशच्या कुळात हिमोग्लोबिनच नसतं. त्यांचं रक्त पाण्यासारखं फिकट. योहान रूड या नॉर्वेच्या शास्त्रज्ञानं १९५४ साली ते नीट नोंदवलं. शून्याखालच्या समुद्रात ऑक्सिजन इतका विरघळलेला असतो की नुसत्या द्रवावर त्यांचं भागतं. आमची मुलगी हे वाचून म्हणाली, "सर, आपण तोच मासा घेतला असता तर तपकिरी व्हायची भानगडच नव्हती."

पहिली चाचणी : एक थेंब, पांढरा कागद

कुठलंही यंत्र लावायच्या आधी हे करा. रक्त काढल्या काढल्या एक थेंब गाळणकागदावर टाका, शेजारी आपल्या स्वतःच्या बोटाचा एक थेंब. दोन मिनिटं हवेत ठेवा. ऑक्सिजन कमी असलेलं रक्त गडद जांभळट असतं, पण हवा लागली की उजळ लाल होतं. मेटहिमोग्लोबिन असेल तर थेंब तपकिरीच राहतो, कितीही वारा घाला.

थेंब पहिल्या मिनिटालाच तपकिरी असेल तर बफर, फ्रीज, पाणी या कशालाच दोष देऊ नका. मासा टाकीत असतानाच त्याचं रक्त बिघडलंय. आमच्या रोहूंचं एकदा असंच झालं होतं. आठ दिवसांपूर्वी मांडलेली नवी टाकी, फिल्टरमध्ये जिवाणू अजून बसलेले नाहीत, त्यामुळे अमोनियाचं नायट्राइट होतंय पण पुढं नायट्रेट होत नाहीय. कल्ल्यांमधून क्लोराइड आत घेण्याची जी वाट असते, त्याच वाटेनं नायट्राइट शिरतं आणि हिमोग्लोबिनचं ऑक्सिडीकरण करून टाकतं. मत्स्यपालनवाले याला तपकिरी रक्ताचा रोग म्हणतात. मत्स्यालयाच्या दुकानातल्या किटनं नायट्राइट तपासा, पाणी बदला आणि साधं मीठ घाला. क्लोराइड वाढलं की नायट्राइटला दारात गर्दी होते.

दुसरा संशयित म्हणजे भुलीचं औषध. बेंझोकेन स्वतःच मेटहिमोग्लोबिन तयार करतं. एमएस-२२२ त्याचंच भावंड, शिवाय पाणी आम्ल करतं, म्हणून त्यात खायचा सोडा घालून पीएच सावरावा लागतो. आम्ही लवंगेच्या तेलावर आलो आणि तिथंच राहिलो.

बाजारातला मेलेला चिलापी आणून त्याचं रक्त काढायचा मोह टाळा. मेल्यावर स्नायूंत लॅक्टिक आम्ल साचतं, पीएच उतरतो, आणि आपण हात लावायच्या आतच अर्धं काम झालेलं असतं.

पेशी फोडल्यावर बिघडत असेल तर

आमचं मुख्य दुखणं इथं होतं. थेंब लाल, कुल्लूहून आलेल्या पेशी लाल, पण पाण्यात फोडून चार तास झाले की रंग उतरला.

अखंड पेशीत रिडक्टेज असतं, त्याला लागणारं एनएडीएच (इलेक्ट्रॉन पुरवणारा रेणू) पेशी ग्लुकोजपासून तयार करत असते. पेशी फोडून वीसपट पातळ केली की ही दुरुस्तीची व्यवस्था मोडली. शिवाय पातळ केल्यावर चार साखळ्यांचा रेणू दोन-दोनच्या जोड्यांत सुटायला लागतो, आणि या जोड्या अख्ख्या रेणूपेक्षा लवकर ऑक्सिडीकृत होतात. म्हणून नियम करून टाका : प्रवासात आणि साठवणीत पेशी अखंड ठेवायच्या, फोडायच्या मोजणीच्या सकाळी, आणि घट्ट ठेवायच्या. पातळ करायचं ते फक्त क्युवेटमध्ये. एवढ्यानंच आमचं निम्मं दुखणं गेलं. रक्त गोठू नये म्हणून हेपारिन घ्या. ईडीटीए हे रसायनही रक्त गोठू देत नाही, पण काही माशांच्या पेशी त्यात फुटतात, आणि डबा उघडेपर्यंत कळतही नाही.

उरलेलं निम्मं दुखणं पाण्यात निघालं. प्रयोगशाळेतलं ऊर्ध्वपातनाचं भांडं जुनं, तांब्याचं, आतून कल्हई केलेलं. ते उघडून बघायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. उघडलं तर कल्हई ठिकठिकाणी उडालेली, आणि तोटीच्या आतल्या कडेला नखानं खरवडता येईल इतका हिरवा थर. तांब्याचे आयन हिमोग्लोबिनचं ऑक्सिडीकरण वेगानं करतात, त्याला फार तांबं लागत नाही. बाहेरून आणलेल्या पाण्यात केलेला बफर आणि घरच्या पाण्यातला बफर शेजारी शेजारी ठेवले, दोन्हींत एकाच नळीतले थेंब टाकले. दुपारच्या डब्यापर्यंत फरक डोळ्यांना दिसत होता. बफरमध्ये ईडीटीए घातलं की ते तांब्याला धरून ठेवतं. ईडीटीएचं काम इथं, रक्ताच्या नळीत नव्हे.

एक उलटी गोष्टही लक्षात घ्या. कॉलममधून (रेणू वेगळे करणाऱ्या भरीव नळीतून) शुद्ध केलेलं हिमोग्लोबिन कच्च्या नमुन्यापेक्षा लवकर तपकिरी पडू शकतं. मुलांना याचा धक्का बसतो, "सर, स्वच्छ केलं तर वाईट झालं?" कच्च्या नमुन्यात पेशीतलं कॅटलेज आणि सुपरऑक्साइड डिस्म्युटेज असतं. सुटलेल्या सुपरऑक्साइडचं हायड्रोजन पेरॉक्साइड होतं आणि ते उरलेल्या हिमोग्लोबिनवर उलटतं. ही साखळी ती दोन विकरं तोडतात. शुद्धीकरणात दूषितं जातात, तशी हीही जातात.

पीएचनं केलेली फसवणूक, दोन्ही बाजूंनी

इथं थोडं थांबतो, कारण इथं आम्ही चक्क खोटा विजय साजरा केला होता.

आम्ल बाजूला हिमोग्लोबिन लवकर ऑक्सिडीकृत होतं हे सगळ्यांना माहीत असतं. म्हणून दुसऱ्या उन्हाळ्यात आम्ही ट्रिस बफर घेतला, पीएच ८.२ लावला. ६३० चा उंचवटा गायब. नमुना दिवसभर लाल. मी विद्यार्थिनीला पेढे आणायला सांगितले.

घोटाळा असा होता. मेटहिमोग्लोबिनच्या फेरिक लोहावर पाण्याचा रेणू बसलेला असतो, तेव्हा तो तपकिरी आणि ६३० ला शोषण करणारा. पीएच आठच्या आसपास गेला की पाण्याच्या जागी हायड्रॉक्सिल येतो. रंग लालसर होतो, ६३० चा उंचवटा बसतो आणि ५४० व ५७५ जवळ सुळके दिसू लागतात, म्हणजे हुबेहूब चांगल्या नमुन्याच्या जागी. त्यात ट्रिसचा स्वभाव असा की तापमान एक अंशानं उतरलं की पीएच ०.०३ नं चढतो. आम्ही बफर अडतीस अंशांच्या खोलीत लावला होता आणि मोजत होतो बावीस अंशांच्या एसी खोलीत. म्हणजे बाटलीवर ८.२, क्युवेटमध्ये ८.७ च्या जवळ. नमुना लाल दिसत होता, चांगला नव्हता.

अल्कली बाजूला ऑक्सिडीकरण खरोखरच मंदावतं, हेही खरं. म्हणून साठवण अल्कली बफरमध्ये करायला हरकत नाही, मोजणी मात्र नेहमी एकाच ठरलेल्या पीएचला करा. आम्ही ७.४ धरतो, फॉस्फेट बफरमध्ये, कारण फॉस्फेटचा पीएच तापमानानं फारसा हलत नाही. बफर लावायचा तो ज्या तापमानाला वापरायचा त्याच तापमानाला.

त्याहून खाली, साडेसहाकडे, जाऊ नका. तिथं ट्राउट दुसरी फसवणूक करतो. त्याच्या रक्तात हिमोग्लोबिनचे अनेक प्रकार असतात. पहिल्या प्रकाराला पीएचचं काही पडलेलं नाही. चौथा प्रकार मात्र आम्लात ऑक्सिजन सोडून देतो आणि हवेत कितीही हलवला तरी पुरता भरत नाही. हा रूट परिणाम. आर. डब्ल्यू. रूट यांनी १९३१ मध्ये तो दाखवला. माशाला याचा उपयोग वाताशयात आणि डोळ्यात ऑक्सिजन रेटून भरायला होतो. आपल्याला त्याचा उपद्रव : ५७७ चा सुळका बसतो, नमुना काळसर दिसतो, आणि आपण म्हणतो बिघडला. बिघडलेला नसतो. पीएच पुन्हा ७.४ वर आणा, हवेत हलवा, लाल झाला तर तो फक्त रिकामा होता. मेटहिमोग्लोबिन असं परत येत नाही. रिकाम्या अवस्थेत तो जास्त वेगानं ऑक्सिडीकृत होतो, म्हणून आम्लात ताटकळत ठेवणं वाईटच, पण दिसलेला प्रत्येक काळसरपणा ऑक्सिडीकरण नसतं.

खरा आकडा कसा काढायचा

पुस्तकातले शोषणाचे गुणांक माणसाच्या हिमोग्लोबिनचे असतात. ते ट्राउटवर डोळे झाकून लावू नका. आम्ही सायनाइड टाळतो आणि हे करतो : नमुन्याचे दोन भाग. एकाचं ६३० ला शोषण घ्यायचं. दुसऱ्यात चिमूटभर पोटॅशियम फेरिसायनाइड टाकून सगळंच मेटहिमोग्लोबिन (थोडक्यात मेट) करायचं, त्याच पीएचला पुन्हा शोषण घ्यायचं. ही झाली शंभराची खूण. ताज्या, लाल नमुन्याचं शोषण ही शून्याची खूण. मधला नमुना कुठं पडतो ते काढा. फेरिसायनाइड कडक आम्लात मात्र टाकू नका.

मोजण्याआधी ७०० नॅनोमीटरला एकदा बघा. तिथं शोषण जवळजवळ शून्य हवं. नसेल तर नमुना गढूळ आहे आणि ६३० चा आकडाही खोटा. माशाच्या लाल पेशीत केंद्रक असतं, त्यामुळे पेशी फोडल्यावर डीएनएचा चिकट गोळा बाहेर येतो, पिपेटच्या टोकाला अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा लोंबतो. थंड सेंट्रीफ्यूजमध्ये जोरात फिरवा आणि वरचा स्वच्छ भाग घ्या.

फेरिसायनाइड टाकूनही ६३० चा उंचवटा आला नाही, नमुना मळकट लाल राहिला आणि ५३५ च्या आसपास एकच बुटका सुळका दिसला, तर ते हेमिक्रोम. समोरचं हिस्टिडीन थेट फेरिक लोहाला जाऊन चिकटलेलं असतं. थंड पाण्यातल्या माशांच्या हिमोग्लोबिनमध्ये, विशेषतः अंटार्क्टिकच्या, हे सहज होतं. अशा नमुन्याला मेटच्या हिशोबात धरू नका.

फ्रीझरमध्ये बिघडत असेल तर

तिसऱ्या उन्हाळ्यात सगळं जमलं आणि मग साठवलेले नमुने गेले. रात्री लाल ठेवलेले, आठवड्यानं काढले तर चहा. आधी वीज गेल्याचा संशय आला, आणि तो काही अंशी खराही होता. वितळून पुन्हा गोठणं वाईटच. पण ज्या आठवड्यात वीज एकदाही गेली नाही त्या आठवड्यातही तेच झालं.

कारण बफरमधलं सोडियम फॉस्फेट. गोठताना त्यातलं डायसोडियम फॉस्फेट आधी स्फटिक होऊन बाहेर पडतं, आणि उरलेल्या द्रवाचा पीएच सातवरून पार चारच्या आसपास घसरू शकतो. म्हणजे आपण नमुना जपायला ठेवला आणि तो आम्लात बुडाला. शिवाय पाण्याचा बर्फ होत जातो तसे क्षार आणि ऑक्सिजन उरलेल्या थेंबात दाटतात. उणे वीस अंशांचा घरगुती फ्रीझर यासाठी सगळ्यात वाईट. तो इतका थंड नाही की सगळं थिजेल, आणि इतका उबदारही नाही की गोठणार नाही.

दोन-चार दिवसांचंच काम असेल तर गोठवूच नका. अखंड पेशी, थोडं ग्लुकोज, बर्फ. जास्त दिवस ठेवायचं असेल तर सोडियम फॉस्फेटऐवजी हेपेस बफर किंवा पोटॅशियम फॉस्फेट, आणि गोठवणं झटक्यात, द्रवरूप नायट्रोजनमध्ये.

"सोलापुरात नायट्रोजन कुठला?" हा प्रश्न मला दर वर्षी येतो. गावोगाव फिरणाऱ्या कृत्रिम रेतनाच्या डॉक्टरांकडे असतो. गाई-म्हशींच्या वीर्याच्या कांड्या ते त्यातच ठेवतात. आमच्या ओळखीच्या डॉक्टरांनी आधी आम्हाला वेड्यात काढलं, मग कंटेनरमधला एक रिकामा डबा दिला. पिपेटनं नमुन्याचे थेंब थेट नायट्रोजनमध्ये सोडायचे. प्रत्येक थेंब तडतडत गोल फिरतो आणि साबुदाण्याएवढा लाल मणी होऊन तळाला बसतो. हवे तेवढेच मणी चिमट्यानं काढायचे, बाकीचे वितळत नाहीत. हातमोजे घाला, खोलीची खिडकी उघडी ठेवा, आणि डब्यावर मोठ्या अक्षरांत "मासा" लिहा. डॉक्टरांनी तेवढी एकच अट घातली होती.